मामाच्या हातातला कापूस

दिवाळीच्या आसपास जालना जिल्ह्यात कापूस घरात येऊ लागतो. परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी, कुठल्याही रस्त्याने निघा, जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागलेली असते. व्यापारी गाडीजवळ येतो आणि हात थेट ढिगाच्या पोटात घालतो. वरचा कापूस उन्हाने वाळलेला असतो, ओल आत असते. मूठभर कापूस बाहेर काढून तो दाबून बघतो. मग त्यातला एक पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद ओढतो. पुंजका तुटतो आणि तंतू उजेडात मोकळे होतात. धागा किती लांब, किती बळकट, कवडी किती, हे त्याला त्या एका ओढीत कळते. मग तो भाव सांगतो. तोवर गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याची नजर त्या बोटांवरून हलत नाही.

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पो नावाचे शहर आहे. तिथल्या कलासंग्रहालयात तीन फूट रुंद आणि जेमतेम अडीच फूट उंचीचे एक तैलचित्र आहे. त्यात अगदी पुढे, काळा कोट आणि उंच टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ खुर्चीत बसले आहेत. दोन्ही हातांच्या चिमटीत कापसाचा पुंजका धरून ते तो ओढून बघत आहेत. चित्राचे साल १८७३. चित्रकार एदगार देगा. आणि ते गृहस्थ म्हणजे मिशेल म्यूसाँ, देगाचे सख्खे मामा.

'न्यू ऑर्लिन्समधली कापसाची पेढी' हे ते चित्र. कलेच्या इतिहासात ते पॅरिसच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या गोष्टीत येते. ही चळवळ आपल्याकडे दृक्प्रत्ययवाद या नावाने ओळखली जाते. पण जालन्यात कापूस बघत वाढलेल्या माणसाला हे चित्र वेगळ्या वाटेने भेटते. मामाच्या चिमटीतला तो पुंजका आणि आपल्या काळ्या रानातला कापूस त्या वेळी एकाच भावाच्या दोरीला बांधले गेले होते. ती दोरी कशी वळली गेली, ते कळले की चित्रातल्या प्रत्येक माणसाचे बसणे-उठणे समजू लागते.

युद्ध तिकडे, तेजी इकडे

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडची राज्ये गुलामांच्या श्रमावर कापूस पिकवत होती आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचे पाचांपैकी जवळजवळ चार हिस्से तिथून येत होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची चाके थांबू लागली. १८६२च्या वसंतात खुद्द न्यू ऑर्लिन्स उत्तरेच्या ताब्यात गेले.

गिरण्यांना कापूस हवा होता, आणि तो देऊ शकेल असा दुसरा मोठा मुलूख हिंदुस्थान होता. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत. मग तो गुजरातचा असो, खानदेशचा असो की वऱ्हाडचा. त्याला तिथे मान नव्हता. धागा आखूड, कचरा जास्त, वजनासाठी केलेली भेसळही असे. अमेरिकन धाग्यावर बसवलेली यंत्रे त्याने अडत, सूत तुटे, कामगार वैतागत. तरी नाइलाजाने गिऱ्हाइके त्याच्याकडे वळली आणि भाव चढत गेले.

मुंबईत त्या चार-पाच वर्षांत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांच्या शब्दावर नव्या बँका आणि कंपन्या उभ्या राहिल्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. अमेरिकन कापूस परत येणार, ही बातमी पोचताच भाव कोसळले, आणि जुलैमध्ये मुंबईचा बाजार बसला. प्रेमचंद बुडाले. त्यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई टॉवर मात्र आजही उभा आहे.

कापसाच्या पैशाचा चित्रकलेशी संबंध या तेजीच्याही आधीचा आहे. मुंबईच्या ज्या शाळेने महाराष्ट्राला चित्रकारांच्या पिढ्या दिल्या, ते जे. जे. कलाविद्यालय १८५७मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झाले. जमशेटजींची दौलत अफू आणि कापसाच्या व्यापारातली होती. इकडे कापसाने चित्रशाळा उभी केली. तिकडे तो एका चित्रकाराच्या घराण्याला पोसत होता.

मुंबई बुडाली ती काही आठवड्यांत. दख्खनच्या शेतकऱ्याला ती झळ पोचायला काही वर्षे लागली. तेजीच्या दिवसांत सावकारांनी पिकाच्या भरवशावर हात सैल सोडून कर्जे दिली होती. भाव पडले, नव्या मोजणीत सरकारचा सारा वाढला, सावकारांनी हात आखडला. १८७५च्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. कुंडलिकेच्या एका काठाला जालना, पलीकडे कादराबाद, आणि तिथे धान्याची नि कापसाची पेठ. आगगाडी यायला अजून तीस-पस्तीस वर्षे होती. माल बैलगाडीनेच बाहेर पडे. सरहद्द निजामाची असली तरी भाव मुंबईचा होता, आणि मुंबईचा भाव लिव्हरपूलचा. १८६६मध्ये अटलांटिकखालून तारेची केबल कायमची सुरू झाली, १८७०मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली. मिसिसिपीच्या काठावर पीक कसे आहे, याची खबर आता मुंबईच्या बाजाराला काही तासांत लागू लागली.

भाचा मामाच्या गावाला

एदगार देगाचा जन्म १८३४मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील बँकवाले. आई सेलेस्तीन न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच घराण्यातली; तो तेरा वर्षांचा असताना ती गेली. १८७०मध्ये प्रशियाने फ्रान्सवर स्वारी केली तेव्हा तो पॅरिसच्या संरक्षणासाठी तोफखान्यात दाखल झाला. याच काळात त्याच्या ध्यानात आले की आपली नजर अधू होत चालली आहे. पुढे आयुष्यभर त्याला ही भीती पुरली.

१८७२च्या ऑक्टोबरमध्ये तो धाकटा भाऊ रने याच्याबरोबर लिव्हरपूलहून निघाला, न्यूयॉर्कला उतरला आणि आगगाडीने आजोळी न्यू ऑर्लिन्सला पोचला. रने आणि मधला भाऊ आशील तिथे व्यापार करत होते. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट मराठवाड्याला नवी नाही; रनेने तेच केले होते. त्याची बायको एस्तेल हिची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. डोळ्यांची धास्ती घेतलेला चित्रकार आपल्या मामेबहिणीचे, आता भावजय झालेल्या एस्तेलचे, चित्र काढत बसला. तिच्यापुढे फुले आहेत आणि ती त्यांना हात लावते आहे. फुलांचे रूप तिला हातांनीच कळणार.

न्यू ऑर्लिन्सचा लखलखीत उजेड देगाला सोसेना. नदीकाठ, बोटी, संत्र्यांची झाडे त्याला भुरळ घालत होती, पण बाहेर बसून रंगवणे डोळ्यांना झेपत नव्हते. तो घरातल्या माणसांची चित्रे काढत राहिला. पॅरिसला धाडलेल्या पत्रांतून त्याची कुरकुर दिसते, की या गावात कापसाखेरीज दुसरा विषयच नाही. परतायची वेळ झाली आणि नेमका तोच विषय त्याने हाती घेतला. मामाची पेढी गावातल्या कापूसवाल्यांच्या आळीत होती. १८७३च्या पहिल्या महिन्यांत देगाने तिचे चित्र काढले.

मामांचा धंदा आपल्या अडत्यासारखा होता. मळेवाल्याचा कापूस आपल्या दुकानी उतरवून घ्यायचा, नमुने काढायचे, गिऱ्हाईक गाठायचे, विक्रीवर अडत कापायची. पेरणीला मळेवाल्याला उचल द्यायची आणि पीक आपल्याकडेच येईल असे बघायचे. हे सारे ओळखीवर आणि पतीवर चाले. युद्धाने ती पत मोडली. गुलामगिरी कायद्याने संपली, मळेवाले कर्जात गेले. शिवाय १८७१मध्ये न्यू ऑर्लिन्सला कापसाचा नवा संघटित बाजार उघडला. तारेने भाव कळू लागले, पुढच्या महिन्यांचे सौदे आधीच होऊ लागले. दोन गावांमधला फरक ओळखून कमावणाऱ्या जुन्या अडत्याची जागा अरुंद होत गेली. देगा चित्रावर काम करत होता त्याच सुमारास, १८७३च्या फेब्रुवारीत, मामांची पेढी मोडीत निघाली.

खोलीत काय चालले आहे

आता चित्राकडे बघू. खोलीत चौदा पुरुष आहेत. बहुतेक काळ्या किंवा गडद कपड्यांत. भिंती फिक्या हिरवट, उजेड थंड आणि सारखा. मधोमध लांब टेबल आणि त्यावर पसरलेला कापूस, एखादा ढग खाली उतरून बसावा तसा. एकाच माणसाचे लक्ष हातातल्या कामात बुडालेले आहे, ते म्हणजे मामांचे. त्यांच्या मागे रने पाय पसरून वर्तमानपत्र वाचतो आहे. डावीकडे आशील खिडकीला टेकून उभा, पायाची तिढी घालून, त्याला कुठलीच घाई नाही. टेबलापाशी मामांचा जावई गिऱ्हाइकाला माल दाखवतो आहे. उजवीकडे खजिनदार जाड खतावण्यांवर वाकलेला आहे, आणि त्याच्याजवळ कागदांची टोपली.

कुणी कुणाकडे बघत नाही. चौदा माणसे एका खोलीत, एका मालाभोवती, आणि प्रत्येकजण आपापल्या विचारात. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे व्यापाऱ्यांचे समूहचित्र काढायचे तर सगळ्यांना ओळीत बसवायचे, चेहरे समोर, रुबाब पुरता. देगाने खोली तिरकी धरली. जमीन उतार असल्यासारखी आपल्याकडे येते. उजवीकडची माणसे चौकटीच्या कडेला चिकटली आहेत, जणू आपण दार ढकलून आत आलो आणि समोर जे होते ते असे दिसले. छायाचित्राची अवचित चौकट आणि जपानी छापचित्रांची तिरकी मांडणी, या दोन्हींकडे तेव्हा पॅरिसचे तरुण चित्रकार डोळे लावून बघत होते. देगाने ती नजर धंद्याच्या जागेत आणली.

गंमत अशी की ही अवचित वाटणारी मांडणी पक्की बेतलेली आहे. काळे कोट आणि पांढरा कापूस, पांढरे वर्तमानपत्र, पांढऱ्या बाह्या यांचा ताल खोलीभर नजर फिरवत ठेवतो. चेहरे नीट रेखलेले आहेत, ओळखू येतात. कापसावर मात्र कुंचला मोकळा सुटला आहे. तिथे रेघ नाही, नुसता फुलोरा आहे. चित्रकार तिस्सो या मित्राला त्याने पत्रातून कळवले होते की हे चित्र मँचेस्टरच्या एखाद्या गिरणीमालकाला विकावे असा मनसुबा आहे. तशा गिऱ्हाइकासाठी ते आटोपशीर आणि पुरते केलेले आहे. याच विषयाचे दुसरे चित्र त्याने अधिक सैल हाताने काढले; ते आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात माणसे मोजकी आहेत आणि कापसाने जवळजवळ सगळी चौकट व्यापली आहे.

खोलीत कोण नाही

जालन्याच्या माणसाला या चित्रात एक उणीव लगेच जाणवते. कापूस आहे, पण तो वेचणारे कुणी नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या टेबलावरचा तो ढग काळ्या माणसांनी वेचला होता. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ते गुलाम होते. आता ते कायद्याने मोकळे होते, पण बरेचसे जुन्याच मालकाच्या रानात बटईने राबत होते, आणि बियाणे-अवजारांच्या उचलीखाली दर हंगामाला पुन्हा दबत होते. बटई, उचल, हिशेबाची वही, पीक मालकाच्या दारी: सुप्याच्या शेतकऱ्याने दोन वर्षांनी जी वही जाळली, तिची ही तिकडची बहीण. खोलीतल्या खतावण्यांमध्ये या माणसांचे श्रम आकड्यांच्या रूपाने आहेत. त्यांचे चेहरे कुठेच नाहीत.

ही उणीव देगाच्या घराण्यातही होती. त्याच्या आईच्या नात्यात नॉर्बेर रिलियू नावाचा एक माणूस होता. तो मळेवाल्या गोऱ्या बापाचा आणि काळ्या आईचा मुलगा, जन्माने स्वतंत्र, पॅरिसमध्ये शिकलेला इंजिनिअर. १८४०च्या दशकात त्याने उसाचा रस कमी जळणात आटवणारे यंत्र शोधले. एका भांड्यातल्या वाफेने पुढच्या भांड्यातला रस तापवायचा, हे त्याचे सूत्र. अंबड तालुक्यात अंकुशनगरच्या साखर कारखान्यासह जगभरच्या कारखान्यांत रस आजही याच सूत्राने आटवला जातो. देगाच्या कुंचल्याने मामा, भाऊ, जावई असे सारे घर पेढीत आणले. या नातलगाला तिथे जागा नव्हती.

पेढी बुडाली, चित्र तरले

१८७३च्या मार्चअखेर देगा पॅरिसला परतला. मँचेस्टरचा गिरणीमालक मिळाला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्नाचा आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, आणि जगभर मंदी पसरली. १८७४च्या फेब्रुवारीत देगाचे वडील वारले, तेव्हा घरची बँक कर्जात असल्याचे कळले. रनेने अमेरिकेतल्या धंद्यासाठी घेतलेल्या पैशाचा बोजाही घरावर होता. देगाने घर विकले, आपला चित्रसंग्रह विकला. तोवर हौसेने रंगवणारा हा सुखवस्तू माणूस आता पोटासाठी चित्रे विकू लागला. कापसाच्या मंदीने दख्खनमध्ये वह्या जळल्या आणि पॅरिसमध्ये एका चित्रकाराला बाजारात उभे केले.

वडील गेल्यावर दोन महिन्यांनी, १८७४च्या १५ एप्रिलला, पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ते प्रसिद्ध प्रदर्शन उघडले. सरकारी प्रदर्शनाच्या दारात न ताटकळता चित्रकारांनी आपले आपण भरवलेले. देगा त्याच्या मुख्य आयोजकांपैकी. क्लोद मोनेचे 'इम्प्रेशन, सूर्योदय' तिथेच मांडले होते. त्यावरून एका टीकाकाराने थट्टेने दिलेले इम्प्रेशनिस्ट हे नाव सगळ्यांना चिकटले. देगाला ते नाव कधीच रुचले नाही; तो स्वतःला वास्तववादी म्हणवून घेई.

मोनेचा तो सूर्योदय ल हाव्र बंदरातला, १८७२ सालचा. ल हाव्र हे फ्रान्सचे कापसाचे सर्वांत मोठे बंदर. न्यू ऑर्लिन्सच्या गाठी तिथे उतरत. याचा अर्थ असा की या चळवळीची दोन गाजलेली चित्रे एकाच सागरी वाटेच्या दोन टोकांवर काढली गेली: एकात धुक्यातल्या डोलकाठ्या आणि केशरी सूर्य, दुसऱ्यात त्या जहाजांवर चढणारा माल. बदललेला व्यापार, वेगाने येणारी खबर, क्षणाला आलेले मोल, या सगळ्यांतून क्षण टिपणारी ही चित्रकला आली. ती निव्वळ उजेडाची हौस नव्हती.

कापसाच्या पेढीचे चित्र १८७६च्या दुसऱ्या प्रदर्शनात लागले, आणि १८७८मध्ये पोच्या संग्रहालयाने ते दोन हजार फ्रँकला घेतले. या गटातल्या चित्रकाराचे संग्रहालयाने विकत घेतलेले ते पहिले चित्र मानले जाते.

तोच कापूस, आपल्या रानात

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून हैदराबादला जाणारी आगगाडी जालन्यातून गेली. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या, आणि 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण कापसाने खरी केली. मराठवाड्याचा गावरानी कापूस देशी वाणांत नावाजलेला होता. पण बाजाराला लांब धागा हवा होता, आणि लांब धागा अमेरिकन वाणाचा. हळूहळू तो वाण इथल्या रानात पसरला. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. याच कंपनीच्या अमेरिकन भागीदारीतून आलेल्या बीटी कापसाला २००२मध्ये देशात परवानगी मिळाली. आज जिल्ह्यात पऱ्हाटीच्या ज्या ओळी दिसतात त्या जवळजवळ सगळ्या अमेरिकन जातीच्या संकरित वाणांच्या. मामांच्या चिमटीतला पुंजका ज्या जातीचा होता, तीच जात आता आपल्या ट्रॅक्टरमधून जिनिंगला जाते.

भाव मात्र अजूनही दुसरीकडेच ठरतो. न्यूयॉर्कचा वायदा हलला की परतूरचा व्यापारी फोन बघून दर बदलतो. तपासणीची यंत्रे आली, धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये कागदावर छापून येते. तरी गाडीजवळ आल्यावर हात आधी ढिगातच जातो.

म्हणून या चित्रासमोर मला देगाच्या त्या तिरक्या चौकटीचा अर्थ वेगळा लागतो. त्याने आपल्याला टेबलाच्या अलीकडे, मामांच्या अगदी समोर उभे केले आहे. पेढीत माल घेऊन आलेला माणूस जिथे उभा राहिला असता, नेमके तिथे. वेचणारा आणि पिकवणारा चित्रात नाही, पण त्याची जागा रिकामी आहे, आणि बघणारा ती भरतो. तिथून आपली नजर खोलीभर फिरते, वर्तमानपत्र, खतावणी, खिडकीशी टेकलेला माणूस, आणि दर वेळी त्या दोन चिमट्यांवर येऊन थांबते. पुंजका ताणला आहे, तुटलेला नाही. पेढी बुडून दीडशे वर्षे झाली, आणि त्या खोलीत भाव अजून फुटायचा आहे.